खड्डा छातीत, मग भोवळ कशाची?

“सर, खड्डा तुमच्या छातीत आहे. मग चक्कर का येते? हात का थरथरतात? नसांचा काय संबंध?”

स्टाफरूममध्ये विचारून झालं. आत्याने लग्नाच्या पंगतीत विचारलं. भांडुपहून परळला जाताना गाडीतल्या ग्रुपने तर कितीदा तरी. दर वेळी “असतो थोडा त्रास” म्हणून मी विषय बदलला. आता एकदाच नीट सांगतो, कारण “सर जरा भित्रेच आहेत” हे माझ्या पाठीमागे बोललेलं माझ्या कानावर आलंय, आणि ते मला लागलंय.

माझ्या छातीचं मधलं हाड आत दबलेलं आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. वैद्यकीय नाव पेक्टस एक्स्कॅव्हेटम. तीनशे-चारशे जन्मांमागे एकाला असतं, मुलांना जास्त. लालबागला राहायचो तेव्हा आमच्या डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं, “वाढत्या वयात भरून येईल, सूर्यनमस्कार घालू दे.” भरून आलं नाही. उंची वाढायला लागली की हा खळगा बहुतेकांचा वाढतो, तसा माझाही वाढला. सूर्यनमस्कार मात्र मी मनापासून घातले.

आधी माझीच एक चूक दुरुस्त करतो. बरेच दिवस मी लोकांना सांगत होतो की आत आलेलं हाड व्हेगस नावाच्या नसेवर दाबतं. कुठेतरी वाचलं होतं, आणि ते सांगायला सोपं होतं. ते चूक आहे. व्हेगस मानेतून उतरते, फुप्फुसांच्या मुळांमागून जाते आणि अन्ननलिकेच्या कडेने पोटात उतरते. सिम्पथेटिक नसांची, म्हणजे धोका दिसला की शरीराला सज्ज करणाऱ्या नसांची, साखळी तर त्याहून मागे, मणक्याच्या दोन्ही बाजूंना असते. पुढचं हाड तिथपर्यंत पोचतच नाही. मी विज्ञान शिकवतो, हे मला आधी कळायला हवं होतं. पण “नस दबली आहे” म्हटलं की लोक गप्प बसतात, आणि तेव्हा मला लोकांना गप्प करायचं होतं.

त्याला कारण होतं १५ ऑगस्ट २०२३.

रात्रभर पाऊस पडून सकाळी उघडलं होतं. पटांगणातल्या फरशीतून वाफ येत होती. मी नुसत्या चहावर घरून निघालो होतो. झेंडावंदन झालं, राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा झाली, तोवर मी ठीक होतो. मग पाहुण्यांचं भाषण सुरू झालं. सातवी ब च्या रांगेशेजारी मी हात मागे बांधून उभा. मुलांनी चुळबुळ करू नये असं वाटत असेल तर आधी आपण करायची नाही, असं मी मानतो.

आधी लाउडस्पीकरचा आवाज लांब गेला. मानेवर गार घाम आला. छाती अशी धडधडायला लागली की शर्टाचा खिसा हलताना मला दिसत होता. बोटांना मुंग्या आल्या. बसावं असं वाटलं. पण दोनशे मुलं ताठ उभी असताना शिक्षकाने खाली बसायचं? नाही बसलो. ही माझी चूक, तिचं खापर दुसऱ्या कुणावर फोडत नाही.

डोळे उघडले तेव्हा मी व्हरांड्यात आडवा होतो. पाय कुणीतरी दप्तरांच्या ढिगावर ठेवले होते. शिपाईमामांनी वारा लागावा म्हणून माझ्या शर्टाची सगळी बटणं काढली होती आणि बनियन गळ्यापर्यंत वर सरकवलं होतं. त्यांनी बरोबरच केलं. पण माझ्या भोवती सातवी ब उभी होती.

मी आठवीपासून कुणासमोर शर्ट काढला नव्हता. मित्र शिवाजी पार्कच्या तलावावर पोहायला जायचे, मी कपडे सांभाळत बसायचो. गणपती विसर्जनाला भर पावसातही माझ्या शर्टाखाली जाड बनियन. लग्न ठरताना बायकोला सांगितलं, तेही पत्र लिहून. तीस वर्षं सांभाळलेली गोष्ट, आणि ती आता चाळीस मुलं बघत होती. कुणी हसलं नाही. हसले असते तर मला रागवता तरी आलं असतं. पुढे उभ्या असलेल्या एका मुलाने स्वतःच्या छातीवर मधोमध बोट ठेवलं आणि अगदी हळू विचारलं, “सर, तुम्हाला इथे कुणी मारलं?”

मी उत्तर दिलं नाही. बटणं लावायला घेतली. बोटं इतकी कापत होती की वरचं बटण काजात जाईना. ते शेवटी मामांनी लावलं.

मग एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलं. कार्डिओग्राम काढताना छातीवर रबरी फुगे लावतात, ते माझ्या खळग्यात चिकटेनात. टेक्निशियनने एक फुगा तीनदा लावला, तीनदा सुटला, शेवटी त्याने तो बोटाने दाबून धरला. तरुण डॉक्टर हे सगळं बघत होते. कागदावर अपूर्ण राइट बंडल ब्रँच ब्लॉक आला, म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूला विजेचा संदेश जरा उशिरा पोचतो; अशा छातीत तो पुष्कळदा दिसतो. मग त्यांनी विचारलं, “घरी काही टेन्शन?” आणि झोपेची गोळी लिहून दिली. ज्या खळग्यात फुगा टिकत नव्हता, त्याबद्दल एक शब्द नाही. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. उत्तर आधी मला घरी मिळालं. कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर कपाटात पडून होता. मी पलंगावर पंधरा मिनिटं पडून राहिलो, आई वही घेऊन शेजारी बसली. आडवा असताना नाडी ७०. मग भिंतीला न टेकता उभा राहिलो. एका मिनिटाने ९८. पाच मिनिटांनी ११२. दहा मिनिटांनी ११८. रक्तदाब जवळपास होता तितकाच. खोलीत पंखा चालू होता, समोर आई होती, कसलंही भाषण नव्हतं. आईने आकडे वाचले आणि म्हणाली, “अरे, तू तर नुसता उभा आहेस.”

ती वही मी हृदयरोगतज्ज्ञांना दाखवली. त्यांनी टिल्ट टेबलवर, म्हणजे आडव्याचं उभं करता येणाऱ्या टेबलावर, बांधून तेच पुन्हा तपासलं. उभं राहिल्यावर दहा मिनिटांत नाडी ३० किंवा त्याहून जास्त वाढत असेल, रक्तदाब पडत नसेल आणि त्रास महिनोन्‌महिने चालू असेल, तर त्याला पॉट्स म्हणतात. हे नाव १९९३ पासूनचं.

शरीरात काय होतं ते वर्गात सांगतो तसं सांगतो. माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. हृदयाकडे कमी रक्त परत येतं. मानेतल्या धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत दाब मोजणारी चेतातंतूंची टोकं असतात. ती मस्तिष्कपुच्छाला, म्हणजे मेंदूच्या सर्वांत खालच्या भागाला, कळवतात, आणि तिथून हुकूम सुटतो: व्हेगसचा लगाम सैल करा, सिम्पथेटिकला कामाला लावा. ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात. हे तुमच्यातही रोज होतं, तुम्हाला कळतही नाही. माझ्यात फरक असा की उरोस्थी, म्हणजे ते छातीचं मधलं हाड, आणि मणका यांच्यामधली जागाच कमी आहे. सीटी स्कॅनमध्ये छातीची रुंदी भागिले ही जागा असा एक आकडा काढतात, हॅलर इंडेक्स. साधारण माणसाचा अडीचच्या आसपास असतो, ३.२५ च्या वर गेला की प्रकरण गंभीर धरतात. माझा ४.१ आहे. उजवं निलय, म्हणजे हृदयाचा उजवा खालचा कप्पा, पुढून चेपलेलं, हृदय डावीकडे सरकलेलं. उभं असताना निलय पुरतं भरत नाही, एका ठोक्याला कमी रक्त बाहेर पडतं. मग तेवढंच रक्त पुरवायला ठोके वाढवायचे, म्हणजे सिम्पथेटिक चालूच ठेवायची. घाम, थरथर, पोटात कालवाकालव हे सगळं त्याच तारांवरून येतं, आणि माणूस घाबरतो तेव्हाही तार तीच असते. माझ्या शरीरात घाबरण्याची सगळी लक्षणं आधी येतात, कारण मागाहून शोधावं लागतं. आणि शोधलं की सापडतंच. कोण बघतंय, कोण हसेल, शर्ट पातळ आहे का.

इथे मला स्वतःशीच भांडावं लागतं. मी भित्रा नाहीच, असं मला म्हणायचं होतं. पण तेरा वर्षांचा असल्यापासून मी खांदे पुढे ओढून चालतो, वरवर श्वास घेतो. जोरजोरात वरवर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि बोटांना मुंग्या येतात. म्हणजे त्या दिवशीच्या मुंग्या खड्ड्याच्या नव्हत्या, माझ्या श्वासाच्या होत्या. समुपदेशक बाईंकडे सहा महिने गेलो. त्यांनी श्वास सावकाश सोडायला शिकवलं, कारण श्वास सोडताना व्हेगस ठोके कमी करते. उपयोग झाला. मग “सगळं मनाचंच आहे” म्हणणारे बरोबर होते का? मी मोजलं. सावकाश श्वासाने ११८ चे १०६ होतात. ७० होत नाहीत.

दुसरी अडचण जास्त मोठी आहे. मी उंच, किडकिडीत, माझा अंगठा मनगटाला टेकतो. डॉक्टरांचं म्हणणं, खळगा आणि ही धडधड हे कार्यकारण नसून एकाच सैल संयोजी ऊतीची, म्हणजे शरीराचे भाग बांधून धरणाऱ्या ऊतीची, दोन लेकरंही असू शकतील. शिरा सैल म्हणून रक्त खाली उतरतं, कूर्चा तशीच म्हणून छाती आत गेली. मला हे ऐकायला आवडत नाही. इतकी वर्षं ज्याला दोष दिला तो खड्डा निम्मा निर्दोष निघाला तर मी राग कुणावर काढू? पण त्यांचं म्हणणं खोडायला माझ्याकडे काही नाही.

“मग ऑपरेशन का करत नाहीस?” हा तुमचा पुढचा प्रश्न. अमेरिकेतल्या डॉ. डोनाल्ड नस यांनी १९८७ मध्ये ते सुरू केलं आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध केलं. मी तेव्हा दहावीत होतो, लालबागला कुणाला ठाऊक असणार? छातीत वाकवलेली पोलादी पट्टी घालून हाड आतून उचलतात, पट्टी तीनेक वर्षं आत ठेवतात. दुखणं फार, म्हणून आता बरगड्यांमधल्या नसा उणे ६० अंशांच्या आसपास गोठवतात. छाती काही महिने बधिर राहते, मग नसा पुन्हा वाढतात. निलय मोकळं होईल, हे सर्जननी सांगितलं. धडधड थांबेल का, यावर त्यांनी हो म्हटलं नाही. चाळिशी ओलांडलेली, घरी दोन मुलं. आई म्हणते कर, बायको म्हणते तुला वाटेल तसं. मला सोमवारी एक वाटतं आणि गुरुवारी दुसरं.

तोवर मीठ थोडं जास्त, दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी, आणि पायात घट्ट मोजे, डॉक्टरांनी सांगितलेत म्हणून. तुम्हाला रक्तदाब असेल तर माझं मीठ उचलू नका. मोठ्या बाईंनी झेंडावंदनाला माझ्यासाठी खुर्ची ठेवायला सांगितली होती. मी बसत नाही, रांगांमधून फिरत राहतो. पोटऱ्या हलत राहिल्या की रक्त वर ढकललं जातं.

ज्याने छातीवर बोट ठेवून विचारलं होतं त्या मुलाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. यंदा तो नववीत आला. विज्ञान माझ्याकडेच आहे, आणि चेतासंस्थेचा भाग दिवाळीच्या सुट्टीनंतर घ्यायचा आहे.