हा पतंग जगतो तरी किती दिवस?

पाइनवरच्या मिरवणूक अळीचे फोटो मी कुणाला दाखवले की एक प्रश्न हमखास येतो: ‘हिचा पुढे जो पतंग होतो, तो किती दिवस जगतो?’ मी खरं तेच सांगते. एखाद-दोन दिवस. मग समोरचा हळहळतो, ‘अरेरे, एवढंच?’ त्या ‘एवढंच’ला उत्तर द्यायचं नेहमी राहून जातं. तुम्ही विचारलंत, म्हणून आज सगळंच सांगते.

दक्षिण युरोप आणि उत्तर आफ्रिकेतल्या पाइनच्या, काही ठिकाणी देवदाराच्याही जंगलांत हा कीटक राहतो. शास्त्रीय नाव थॉमेटोपिया पिटिओकॅम्पा. उन्हाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी करड्या रंगाचा पतंग माती फोडून वर येतो. त्याच्या कपाळावर कोंबड्याच्या तुऱ्यासारखा टणक, दातेरी कंगोरा असतो. कोष आणि वरची माती तो त्यानेच फोडतो. हा पतंग काही खात नाही. अळी असताना साठवलेल्या बळावरच त्याला सगळं उरकायचं असतं.

मादीने घातलेली अंडी मला पहिल्यांदा सापडली ती दक्षिण फ्रान्समधल्या माँ व्हाँतू डोंगराच्या उतारावर. सापडली म्हणजे, आधी मी ती पाहूनही पाहिली नव्हती. पाइनची दोन पानं, म्हणजे सुयाच त्या, एकत्र धरून त्यांच्याभोवती चार-पाच सेंटिमीटर लांबीचं नळकांडं. वाळलेला कोंब म्हणून सोडून दिलं होतं. भिंगातून बघितलं तेव्हा कळलं, की मादीने पोटाच्या टोकावरचे खवले काढून ते अंड्यांवर कौलांसारखे एकावर एक बसवले आहेत. नखाने एक कौल उचललं, तर खाली पांढरी गोल अंडी ओळीने. अशा एका नळकांड्यात शंभर ते तीनशे अंडी असतात. एवढं करून मादी मरते.

चार-सहा आठवड्यांनी अळ्या बाहेर येतात आणि खरं आयुष्य तिथून सुरू होतं. बहुतेक कीटक थंडीत गप्प पडून असतात. ही अळी मात्र हिवाळाभर खाते आणि वाढते. पाइनची पानं हिवाळ्यातही झाडावरच असतात. प्रश्न फक्त थंडीचा, आणि त्याचं उत्तर अळ्या एकत्र राहून काढतात. फांदीच्या टोकाला, जिथे ऊन जास्त लागतं अशा बाजूला, त्या रेशमाचं दाट पांढरं घर विणतात. त्याला दार नसतं. धाग्यांच्या थरांतूनच वाट काढून आत-बाहेर करायचं. दिवसभर घर ऊन धरतं, आत अळ्या दाटीवाटीने बसून असतात, आणि रात्री खायला बाहेर पडतात. दिवसा घरातलं तापमान नऊ अंशांच्या वर गेलं आणि रात्री बाहेर शून्याच्या खाली उतरलं नाही, की त्या रात्री जेवण होतं. नाहीतर उपाशी. हिवाळे सौम्य होत गेले तशा अशा जेवणाच्या रात्री वाढल्या, आणि 1972 ते 2004 या काळात पॅरिसच्या खोऱ्यात या कीटकाची हद्द 87 किलोमीटर उत्तरेला सरकली.

एक सावधगिरीची गोष्ट. अळी कात टाकत टाकत वाढते; त्यातल्या तिसऱ्या अवस्थेपासून तिच्या पाठीवर अतिसूक्ष्म, टोकदार केस येतात. ते सहज सुटतात आणि कातडीत रुततात. मी एकदा रिकामं, जुनं घर आहे म्हणून हातात घेतलं, आणि मनगटावर फोड उठले. केस तिथेच पडून होते आणि पूर्वीइतकेच जहाल होते. कुत्र्याने अळी हुंगली किंवा चाटली, तर जिभेचा भाग सडून गळू शकतो. या जंगलात कुत्रा घेऊन जाणार असाल, तर हे विसरू नका.

हिवाळा सरता सरता अळ्या घर सोडतात. एकीच्या शेपटाला दुसरीचं डोकं लागलेलं, अशी लांबच लांब रांग खोडावरून उतरते. 1896 च्या जानेवारीत फ्रेंच निसर्गनिरीक्षक झाँ-आंरी फाब्र याने अशी एक रांग कुंडीच्या गोल काठावर फिरताना पाहिली. ती सात दिवस फिरत राहिली. पुढे कोणीच नव्हतं, प्रत्येकीच्या पुढे दुसरी होती. अनेकांना यात मूर्खपणा दिसतो, मला नाही दिसत. पुढचीच्या शेपटावरचे केस डोक्याला लागताहेत तोवर चालत राहायचं, हाच त्यांचा नियम, आणि कुंडीचा काठ जंगलात नसतो. जंगलात हाच नियम त्यांना मऊ, उबदार मातीपर्यंत नेतो.

तिथे पाच ते वीस सेंटिमीटर खोल शिरून त्या कोष विणतात. त्यानंतर काही दिसत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात विलक्षण भाग तोच आहे. हुदहुद्या लांब चोचीने माती उकरून यातले बरेच कोष खातो. उरलेल्यांतले बहुतेक त्याच उन्हाळ्यात पतंग होऊन वर येतात, पण सगळे नाही. काही तसेच थांबतात: एक वर्ष, दोन वर्षं, कधी त्याहूनही जास्त. एकाच मादीची, एकाच नळकांड्यातली, एकाच घरात हिवाळा काढलेली भावंडं. त्यातलं एक यंदा उडतं आणि दुसरं आणखी काही उन्हाळे मातीत काढतं. एखाद्या साली वरची सगळी अंडी वाया गेली, तरी खाली कुणीतरी शिल्लक असतं.

म्हणून ‘किती दिवस’ या प्रश्नापाशी मी अडखळते. पतंग म्हणून, एखाद-दोन दिवस. अंड्यापासून मोजलं तर साधारण एक वर्ष. आणि माँ व्हाँतूच्या त्या उतारावर, मी उभी होते त्या जमिनीखाली, मी तिथे पहिल्यांदा गेले त्याच्याही आधी आत शिरलेला एखादा कोष तेव्हा असेलही.