पहिली गोळी कुठे जाते

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरणांची शिकार करायचा मुख्य हंगाम नऊच दिवसांचा. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो, नंतरच्या रविवारी संपतो. तेवढ्या दिवसांत पाच लाखांहून जास्त माणसं परवाना काढून रानात उतरतात. मी मूळची साताऱ्याची. लग्नानंतर या राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या डोंगराळ भागात आले, तिथे सासरची शेती आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून शिकार हा गुन्हा, त्यामुळे बंदूक हातात घ्यायचा प्रश्नच कधी आला नव्हता. इथे हरणं मका आणि सोयाबीन खातात आणि हिवाळाभर घरात शिजणारं बरंचसं मांस त्याच हरणांचं असतं. ते मांस मी खाते, मग ते मिळवण्याची जबाबदारीही मी शिकून घ्यावी, असं मला मनापासून वाटलं.

१ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना इथे शिकाऱ्यांचा सुरक्षा अभ्यासक्रम केल्याशिवाय परवाना मिळत नाही. तो मी आधीच केला होता. त्यातले चार नियम आता अंगात मुरलेत: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा, नळीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवा, समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री करा, आणि गोळी झाडायची वेळ येईपर्यंत बोट चापाच्या बाहेर ठेवा.

यंदा सासऱ्यांनी त्यांची ३०८ विंचेस्टर या मापाच्या काडतुसाची, बोल्टवाली (दर गोळीनंतर हाताने मागेपुढे ओढायच्या दांड्याची) रायफल मला दिली. देताना म्हणाले, "हरणावर झाडतेस ती गोळी नेहमी पहिली असते. थंड नळीतून, थंड बोटांनी. बाकीच्या सगळ्या सरावाच्या कागदासाठी." पुढची सगळी तयारी मी या एका वाक्याभोवतीच केली.

सुरुवात अर्थातच रायफल रिकामी आहे का हे बघण्यापासून. मॅगझिन (काडतुसांचा डबा) काढलं, बोल्ट मागे ओढला, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या खोबणीत, डोळ्यांनी बघितलं आणि करंगळी घालूनही बघितलं. मग बोल्ट पूर्ण काढून नळीतून उजेडाकडे पाहिलं. कपाटात राहिलेल्या नळीत जुनं तेल साचतं, कधी एखादा किडा घर करतो, आणि अडलेल्या नळीतून गोळी झाडली तर नळी फुटू शकते.

साफसफाईला या वर्षी जास्त वेळ दिला, कारण गोळी बदलायची होती. सासरे आयुष्यभर शिशाच्या गाभ्याची गोळी वापरत आले. ती हरणाच्या अंगात फुटते आणि तिचे बारीक कण जखमेपासून बरेच लांबवर मांसात जातात. डोळ्यांना दिसत नाहीत, एक्स-रेत दिसतात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात दान म्हणून आलेल्या हरणाच्या मांसात शिसं सापडलं, तेव्हा तिथल्या आरोग्य खात्याने ते गरजूंना वाटू नका असं सांगितलं होतं. रानात टाकलेली आतडी गरुड खातात आणि त्यांनाही शिशाची बाधा होते. घरात लहान मूल आहे, म्हणून मी संपूर्ण तांब्याची, १५० ग्रेन (सुमारे दहा ग्रॅम) वजनाची गोळी घ्यायची ठरवली. सासऱ्यांनी थोडा वाद घातला, मग स्वतःसाठीही एक डबा मागवला.

गोळी बदलली की नळीतला आधीच्या गोळ्यांचा थर काढावा लागतो, नाहीतर नवी गोळी एका जागी पडत नाही. साफ करायचा गज नेहमी मागच्या बाजूने, चेंबरकडून घालायचा. तोंडाकडून घातला तर नळीची कड झिजते, आणि नेमाची सगळी मदार त्या कडेवर असते. द्रावणात भिजवलेलं फडकं निळसर हिरवं होऊन बाहेर येतं, म्हणजे तांबं सुटतंय. फडकं पांढरं येईपर्यंत हे करत राहायचं. शेवटी कोरडं फडकं फिरवून तेल पूर्ण पुसायचं.

बोल्टचं तेलही पुसलं. हे थंडीचं प्रकरण आहे. घट्ट तेल शून्याखाली गोठल्यासारखं होतं, आघात करणारी पिन हळू चालते आणि काडतूस पेटतच नाही. तिथे कोरडं वंगण अगदी नावापुरतं लावलं.

आता मापाचा प्रश्न. माझी उंची पाच फूट दोन इंच, आणि ही रायफल सहा फुटी माणसाच्या हाताला बसलेली. दस्ता (खांद्याला टेकतो तो भाग) लांब असला की गाल पुढे येत नाही आणि रायफलवरच्या नेमाच्या दुर्बिणीत पूर्ण गोल दिसण्याऐवजी काळी सावली दिसते. गावातल्या बंदूक-कारागिराने दस्ता मागून कापून पुन्हा रबराची गादी बसवली. त्यानंतर दुर्बीण पुढेमागे सरकवायची होती आणि ते काम मी शिकारीचं जाड जॅकेट घालून केलं. जॅकेटच्या जाडीने खांदा पुढे येतो. टी-शर्टवर लावलेलं माप नोव्हेंबरात चुकतं. डोळा आणि काच यांत साडेतीन ते चार इंच अंतर हवं, नाहीतर झटक्याने दुर्बिणीची कड भुवईवर आदळते. दुर्बीण धरून ठेवणाऱ्या रिंगांचे स्क्रू मापाच्या पान्याने, साधारण १५ ते २० इंच-पाउंड इतकेच आवळले. जास्त आवळलं तर दुर्बिणीची नळी चेपते.

हंगाम जवळ आला की रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या मैदानावर, गर्दी उसळते, म्हणून आम्ही ऑक्टोबरातच गेलो. कानात बोळे आणि वर कान झाकणारे मफ, दोन्ही, कारण या रायफलचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो. आधी गोळी न झाडताच नेम जवळपास आणला: रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवायची, बोल्ट काढायचा, नळीतून २५ यार्डांवरच्या ठिपक्याकडे बघायचं आणि रायफल न हलवता दुर्बिणीची फुली त्याच ठिपक्यावर आणायची. माझ्या दुर्बिणीचं बटण फिरवताना होणारी एक टिकटिक १०० यार्डांवर नेम पाव इंच हलवते. म्हणजे १०० वर एका इंचाला चार टिकटिक, आणि २५ वर त्याच एका इंचाला सोळा. २५ वर नेम बसला की १०० वर गोळी निदान कागदावर तरी पडते.

मग १०० यार्ड. तीन गोळ्या झाडायच्या, नळी गार होऊ द्यायची, तिन्ही भोकांचा मध्य काढायचा आणि तेवढंच हलवायचं. एका भोकावरून फुली हलवू नये. वाट बघणं हाच यातला मोठा भाग, कारण पातळ नळी तापली की गोळ्या पसरू लागतात. मधल्या वेळात रेंज थंड असल्याची, म्हणजे गोळीबार थांबल्याची, हाक आली की सगळे बोल्ट उघडे ठेवून मागच्या रेषेवर उभे राहतात. कोणी बंदुकीला हातही लावत नाही. ती शिस्त मला फार आवडते.

१०० वर बरोबर मध्ये ठेवलं तर ही गोळी १५० वर साधारण एक इंच खाली जाते, २०० वर तीन-साडेतीन. नेम बसल्यावर मी नळी साफ केली नाही. स्वच्छ नळीतली पहिली गोळी बरेचदा वेगळीकडे जाते, म्हणून मळलेल्या नळीनेच हंगामाला जायचं. पुढच्या वेळी पहाटेच्या थंडीत रेंजवर जाऊन फक्त एक गोळी झाडली. मध्यापासून एक इंच उजवीकडे. कागदावर तारीख आणि तापमान लिहून तो कागद जपून ठेवला.

टेबलावरचा नेम रानात तसाच राहत नाही, हे मात्र तिथेच कळलं. हरणाच्या फुप्फुसांचा भाग साधारण आठ इंचांचा. तेवढ्या व्यासाची कागदी ताटं लावली आणि बसून, गुडघ्यावर, काठीच्या आधाराने सराव केला. बसून १५० यार्डांपर्यंत प्रत्येक गोळी ताटात जात होती. त्यापलीकडे जात नव्हती. मग माझी मर्यादा १५०.

हे मी सासऱ्यांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत, जागांचा नकाशा घेऊन बसले. मला ठरवलेली वरच्या धारेवरची मचाण दरीपलीकडच्या उतारावर बघते, तिथून अंतर २०० च्या पुढे. ती त्यांनी स्वतःकडे घेतली आणि मला खालची, ओकच्या झाडीच्या कडेची दिली. तिथून १२० यार्डांच्या पलीकडे काही दिसतच नाही आणि मागे मातीचा उंच उतार आहे, गोळी चुकलीच तर त्यातच रुतेल. रायफल आता गॅरेजमध्ये, कुलूपबंद पेटीत आहे. घरात आणली तर गरम हवेने काचेवर आणि नळीत दव धरतं. नळीच्या तोंडावर बर्फ जाऊ नये म्हणून चिकटपट्टीचा एक तुकडा लावलाय. इतर शिकाऱ्यांना लांबून दिसावं म्हणून घालायचं भगवं जॅकेट बाहेर वाळत घातलंय, आणि शनिवारी सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून गोळी झाडायची परवानगी आहे.