आमची वाटचाल: साबण फळीवर टिकायला हवा

सुरुवातीला आम्ही घरच्या ओट्यावर साबण करायचो आणि वड्या वाळल्या की ओळखीपाळखीतच संपायच्या. तेव्हा तेल निवडताना फेस नि मऊपणा एवढंच बघायचो. दुकानदार माल ठेवायला लागले तसा हिशोब बदलला. वडी फळीवर सहा-सात महिने राहणार, मग कुणाच्या तरी कपाटात. तोवर तिला खवट वास यायला नको.

तेलाचा साबण करतो तो कॉस्टिक सोडा. तो आम्ही मुद्दाम थोडा कमी घालतो, म्हणजे साधारण पाच टक्के तेल साबणात मोकळं राहतं. त्वचेला ते बरं, पण हवेतला ऑक्सिजन आधी त्यालाच गाठतो. मग नारिंगी ठिपके पडतात. (दहा टक्के तेल मोकळं सोडा, असा आग्रह धरणारे भेटतात. ऐकून घेतो.)

खरी मेख मेदाम्लांत आहे, म्हणजे तेल ज्या घटकांचं बनलेलं असतं त्यांत. लिनोलेइक आम्ल ओलेइकपेक्षा दहापट किंवा त्याहून जास्त वेगाने बिघडतं, लिनोलेनिक त्याहीपुढे. म्हणून जवस आणि द्राक्षबियांचं तेल कितीही आकर्षक वाटलं तरी यादीतून गेलं. सूर्यफुलाच्या तेलात तर फसायला होतं: साध्या तेलात बहुधा निम्म्याहून जास्त लिनोलेइक असतं, तर 'हाय ओलेइक' जातीच्या तेलात ऐंशी टक्क्यांच्या आसपास ओलेइक. पिंपावर दोन्हीकडे सूर्यफूलच लिहिलेलं, त्यामुळे मेदाम्लांचा तक्ता आल्याशिवाय आम्ही माल उतरवून घेत नाही. खोबरेल जवळपास नव्वद टक्के संपृक्त, म्हणजे त्यातली बहुतेक मेदाम्लं ऑक्सिजनला सहज दाद न देणारी, त्यामुळे टिकायला उत्तम. पण जास्त झालं तर अंग कोरडं पडतं, म्हणून ते तिसऱ्या हिश्शाच्या आत. बाकी ऑलिव्ह, पाम आणि फेस टिकावा म्हणून थोडं एरंडेल. लिनोलेइक आणि लिनोलेनिक मिळून पंधरा टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही, हा आमच्याकडचा दंडक.

लोखंड आणि तांब्याचा अंशही खवटपणाला हातभार लावतो. म्हणून भांडी स्टेनलेस स्टीलची आणि पाणी डिस्टिल्ड. शिवाय सायट्रिक अ‍ॅसिड घालतो. त्याचं साबणात सोडियम सायट्रेट होतं आणि ते या धातूंना बांधून ठेवतं. मात्र दहा ग्रॅम अ‍ॅसिड सव्वासहा ग्रॅम कॉस्टिक खातं, तेवढं वरून द्यावं लागतं. रोजमेरीचा अर्क (सुगंधी तेल नव्हे, अँटिऑक्सिडंट म्हणून मिळतो तो) पिंप उघडल्याबरोबर तेलातच मिसळतो, कारण एकदा खवटलेलं तेल कशानेही परत ताजं होत नाही. व्हिटॅमिन ई लेबलवर छान दिसतं. या कामासाठी माझा त्यावर फारसा भरवसा नाही.

बदाम तेलाचा साबण मागणारे नेहमीचे ग्राहक आहेत. त्यांना नाही म्हणत नाही, पण तो घाणा लहान, फक्त ऑर्डरपुरता, आणि वेष्टनावर वापरण्याची मुदत इतर वड्यांपेक्षा कमी. दुकानांना तो साबण देत नाही.