गुरू, शनी आणि मत्तयाचा तारा

डिसेंबर लागला की तारांगणात एक प्रश्न हमखास येतो: बेथलेहेमचा तारा खरंच होता का? बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात हा तारा पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांना यरुशलेमहून बेथलेहेमला नेतो आणि बाळ येशू असलेल्या घरावर थांबतो. एका वर्षी तो वसईच्या एका धर्मग्रामातून आलेल्या मंडळींनी विचारला. शाळकरी मुलं, बऱ्याच आज्या आणि सोबत एक वयस्क फादर. त्यानंतर दुसरा खेळ नव्हता, म्हणून म्हटलं, तोंडी सांगण्यापेक्षा ते आकाशच दाखवू.

यंत्राला यरुशलेमचे अक्षांश-रेखांश दिले आणि वर्ष टाकलं -6. म्हणजे इसवी सनापूर्वी 7. आपल्या सनात शून्य वर्ष नाही, त्यामुळे गणितात एकाचा फरक पडतो. हा सन मुळात इ.स. 525 मध्ये डायोनिसियस एक्सिग्युअस या मठवासीने बसवला. मत्तयाच्या कथेत येशू जन्मतो तेव्हा हेरोद राजा जिवंत आहे, आणि बहुतेक इतिहासकार हेरोदाचा मृत्यू इ.स.पू. 4 मधला मानतात. शोध त्याआधीच्या आकाशातच घ्यावा लागतो.

घुमटावर मीन राशीत गुरू आणि शनी आले. मे अखेरीस त्यांची युती झाली, म्हणजे ते आकाशात एकमेकांजवळ आले, मग दोघेही वक्री झाले.

"वक्री म्हणजे आमच्या शेजारीण पंचांगात बघतात तेच का?" एका आजींनी विचारलं.

"तेच, आजी. पृथ्वी आतल्या कक्षेतून वेगानं पुढे निघून जाते, म्हणून बाहेरचे ग्रह मागे सरकल्यासारखे दिसतात."

त्यामुळे शरद ऋतूत दुसरी आणि डिसेंबरच्या सुरुवातीला तिसरी युती झाली. गुरू-शनीची युती साधारण वीस वर्षांनी येते, पण अशी तिहेरी युती फार विरळा. आपल्याकडच्या काही जणांना 1980-81 ची आठवत असेल. केप्लरनं 1603 ची साधी युती पाहिली, पुढच्याच वर्षी भुजंगधारी तारकासमूहात नवा तारा भडकला, आणि गणित करत तो इ.स.पू. 7 पर्यंत मागे गेला.

मी डिसेंबरची संध्याकाळ लावली. अंधार पडताना दोन्ही ग्रह दक्षिणेला आले. बेथलेहेम यरुशलेमच्या दक्षिणेलाच, जेमतेम आठ-नऊ किलोमीटरवर. "बरोबर त्याच बाजूला!" एक मुलगा ओरडला. हे दृश्य बघताना मला आजही भरून येतं. पण ते दाखवून थांबणं मला पटत नाही. दोन ग्रहांमध्ये सुमारे एक अंशाचं अंतर होतं, म्हणजे दोन पूर्णचंद्र मावतील एवढं. एक तारा म्हणून ते कधीच दिसले नसते. शिवाय बॅबिलोनच्या ज्योतिषांची त्या वर्षीची मातीच्या पाट्यांवरची पंचांगं सापडली आहेत. त्यांत गुरू-शनी मीनेत असल्याची नोंद आहे, युतीचा उल्लेखच नाही. ज्यांचा तो धंदा होता, त्यांनाच ती विशेष वाटली नाही. माझ्या दृष्टीनं सर्वांत जड आक्षेप हाच.

मग त्याच आजी म्हणाल्या, "पण सर, तारा घरावर थांबला कसा?"

नाही थांबत. आकाश तासाला पंधरा अंश फिरतं आणि इतक्या दूरची वस्तू एखादं घर दाखवू शकत नाही. हे मी सांगितलं, पण त्यांच्या श्रद्धेला धक्का तर लागत नाही ना, या काळजीनं फादरांकडे पाहिलं. ते उठून पुढे आले.

"मत्तयाचे वाचक बहुतेक यहुदी होते," ते म्हणाले. "याकोबातून तारा उगवेल, असं बलाम नावाचा द्रष्टा बायबलच्या गणना या पुस्तकात म्हणतो. ते वचन त्यांना पाठ. ज्याची वाट बघत होता तो आला, एवढं मत्तयाला सांगायचंय." मग लूकच्या शुभवर्तमानातल्या जन्मकथेवर आले. त्यातली रोमन सुभेदार क्विरीनियच्या काळातली नावनिशी, म्हणजे शिरगणती, यहुदी इतिहासकार योसेफसच्या इतिहासाप्रमाणे इ.स. 6 ची, म्हणजे हेरोद जाऊन दहाएक वर्षं झाली होती, हेही त्यांनी शांतपणे सांगितलं. आपल्याच माणसांसमोर, कशाचीही सारवासारव न करता. इतक्या वर्षांच्या नोकरीत घुमटाखाली असा प्रामाणिकपणा मी क्वचितच ऐकलाय.

आज्या अस्वस्थ झाल्या नाहीत. एकीनं विचारलं, "मग गव्हाणीवर चांदणी लावायची ना?"

"लावायचीच," फादर म्हणाले.

मुलांना अजून बघायचं होतं. चिनी नोंदींत इ.स.पू. 5 मध्ये सत्तर दिवसांहून जास्त दिसलेला पुच्छधारी पाहुणा आहे, तो मी नुसता सांगितला. मग वर्ष -1 टाकलं, 17 जूनची संध्याकाळ. पश्चिमेला शुक्र आणि गुरू इतके जवळ आले की नुसत्या डोळ्यांना एकच झगझगीत ठिपका दिसावा. "हाच तो तारा!" मुलं एका सुरात म्हणाली.

"सुंदर आहे," फादर म्हणाले, "पण मग हेरोदाचं काय करायचं?"