आमची वाटचाल : स्प्रे पंपापासून टॉर्चपर्यंत

पेस्ट कंट्रोलच्या एका कंपनीत ६ वर्षं टेक्निशियन होतो, मग बायको म्हणाली दुसऱ्याचा पंप किती दिवस उचलणार, स्वतःचं काढूया. केमिस्ट्रीत बीएस्सी असल्यामुळे लायसन्सची अट बसत होती, म्हैसूरला ट्रेनिंग करून आलो, एक स्कूटर, एक पंप आणि फोन घ्यायला बायको, एवढ्यावर पुण्यात सुरुवात झाली. पहिली कामं बहुतेक पेठांमधल्या कॉट बेसिसच्या खोल्यांची, म्हणजे ढेकणांचीच.

तेव्हा मी पण सगळ्यांसारखंच सांगायचो, एकदा मारलं की विषय संपला. दुसऱ्याच वर्षी सदाशिव पेठेतल्या एका काकूंचा फोन आला, "अहो, तुम्ही येऊन बारा दिवस झाले, आज हे बघा." गेलो तर त्यांनी गोळ्यांच्या रिकाम्या डबीत तीन पिल्लं धरून ठेवलेली, फिकट, जेमतेम दिसतील अशी. त्या दिवशी पहिल्यांदा पलंगाची डोक्याकडची फळी स्क्रू काढून उतरवली. स्क्रूच्या भोकात पांढरी अंडी चिकटलेली, अगदी खसखस. मी वरून अख्खी गादी भिजवून गेलो होतो आणि खरं घर त्या भोकात होतं. फार वाईट वाटलं, काकूंचे पैसे परत केले आणि काम पुन्हा पहिल्यापासून केलं.

अंड्यांवर बहुतेक औषधं चालत नाहीत, साधारण आठवडा-दहा दिवसांत ती फुटतात, आणि पिल्लू मोठं होऊन स्वतः अंडी घालायला पुढे महिना तरी जातो, म्हणून दुसरी फवारणी १२ ते १५ दिवसांनी झालीच पाहिजे. तेव्हापासून आम्ही पूर्ण पैसे दुसऱ्या व्हिजिटनंतरच घेतो.

आता माझी पोरं आधी पंप काढत नाहीत, टॉर्च आणि जुनं एटीएम कार्ड काढतात. कार्ड गादीच्या शिवणीतून ओढायचं, काळे ठिपके, वाळलेली सालं, कधी जिवंत ढेकूणच बाहेर येतो. लोक गादी गच्चीवर उन्हात टाकतात, पण ऊन आतपर्यंत पोचत नाही आणि ढेकूण खालच्या बाजूला सरकतात. चादरी-कपडे मात्र चांगल्या गरम पाण्यातून काढले, ६० डिग्रीच्या, तर अंडी पण मरतात.

अजून एक, धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या खोलीत ठेवा म्हणून कोणी कितीही पैसे दिले तरी आम्ही नाही म्हणतो. त्याचा गॅस शेजारच्या घरात जातो, माणसं दगावलीयेत, लहान मुलं गेलीयेत. हे मी प्रत्येक फोनवर सांगतो, समोरचा कंटाळला तरी सांगतो.

आणि लाज वाटून घेऊ नका हो. गाडीवर नाव नको, सोसायटीत कळेल, असं अजून लोक विनवतात. घर किती स्वच्छ आहे याच्याशी ढेकणाचं काही देणंघेणं नाही, प्रवासातल्या बॅगेतून, जुन्या सोफ्यातून तो कुणाकडेही येतो, आणि लपवून ठेवण्यात दोन महिने गेले की एका पलंगाचं काम अख्ख्या फ्लॅटचं होतं.

फोन करण्याआधी जमलं तर एक करा, सापडलेला किडा सेलोटेपवर चिकटवून फोटो पाठवा. ढेकूण नसेल तर आम्ही तसं सांगतो, आणि त्याचे पैसे घेत नाही.