बिल्टमोरचा तलाव आणि त्याच्या पाण्याचा हिशेब

फ्लोरिडातल्या कोरल गेबल्स इथलं बिल्टमोर हॉटेल जानेवारी १९२६ मध्ये उघडलं. त्याचा तरण तलाव सुमारे २३,००० चौरस फुटांचा; त्यात अंदाजे ६ लाख गॅलन, म्हणजे जवळपास २३ लाख लिटर पाणी मावतं. पुढे टार्झन म्हणून गाजलेले जॉनी वाइसमुलर इथे पोहायला शिकवत. रविवारच्या जलक्रीडांना हजारोंची गर्दी लोटे. दुसऱ्या महायुद्धात हॉटेलचं लष्करी रुग्णालय झालं, १९६८ पर्यंत रुग्णालयच राहिलं आणि १९८७ मध्ये पुन्हा हॉटेल म्हणून सुरू झालं.

एवढं पाणी नितळ ठेवणं हे खरं कसब. सहा तासांत सगळं पाणी एकदा गाळणीतून फिरवायचं तर पंपांनी मिनिटाला सुमारे ६,३०० लिटर ओढायला हवं. क्लोरीन १ पीपीएमने (म्हणजे दहा लाख भागांत एक भाग) वाढवायला ६५ टक्के क्लोरीनची पावडर साधारण साडेतीन किलो लागते. ती बादलीत विरघळवून, तलावात कोणी पोहत नसताना सोडायची. कोरडी टाकली तर तळाशी बसून तिथला रंग उडवते.

फ्लोरिडाच्या उन्हात उघड्या पाण्यातला क्लोरीन काही तासांत उडतो, म्हणून त्याला उन्हापासून जपणारं सायन्युरिक आम्ल ३० ते ५० पीपीएम ठेवतात. त्याहून फार वाढलं तर क्लोरीनच मंदावतो, आणि मग पाणी बदलण्यावाचून गत्यंतर नाही. पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचं माप, ७.२ ते ७.८ च्या दरम्यान हवा; त्याच्या वर गेला की क्लोरीन पुरेसा असूनही शेवाळ धरू शकतं. नवखे इथेच चुकतात: पीएच न तपासता आणखी पावडर ओततात.

पातळी एका सेंटिमीटरने उतरली तरी २१,००० लिटर पाणी गेलेलं असतं.