हरलेल्या टीममधला हिरो

मेलबर्नमधे सप्टेंबर आला की क्रिकेटचं नाव काढायचं नाही, जिकडे तिकडे फक्त फुटी. फुटी म्हणजे आपला फुटबॉल नव्हे हं, यात लंबगोल बॉल, दोन्ही टोकांना चार-चार खांब, मधल्या दोघांतून लाथेने मारला तर गोल, म्हणजे ६ पॉइंट, बाजूच्या फटीतून गेला तर १. आणि सप्टेंबरअखेरच्या शनिवारी एमसीजीवर, हो तेच आपलं क्रिकेटवालं, लाखभर लोकांसमोर ग्रँड फायनल. आदल्या शुक्रवारी राज्याला चक्क सुट्टी!

या फायनलच्या बेस्ट प्लेअरला नॉर्म स्मिथ मेडल मिळतं. हे स्मिथ मेलबर्न क्लबचे कोच, ६ वेळा ट्रॉफी जिंकून दिलेले. मेडल सुरू झालं १९७९ मधे आणि पहिलंच मिळालं कार्लटनच्या वेन हार्म्सला, जो स्मिथ यांच्या नात्यातलाच, नातू लागायचा. आपल्याकडे वशिला वशिला म्हणून केवढी बोंब झाली असती! इथेही बोंब आहे, पण वेगळीच. हार्म्सने स्वतःच मारलेल्या बॉलमागे धावत जाऊन, घसरत, अगदी बाउंड्रीवरून तो हाताने आत ढकलला, त्यावर गोल झाला आणि कार्लटन ५ पॉइंटनी जिंकलं. समोर कॉलिंगवूड. आमच्या शेजारचे आजोबा कट्टर कॉलिंगवूडवाले, बार्बेक्यूचा चिमटा घेऊन अंगणात रेघ ओढून दाखवतात बॉल किती बाहेर होता ते, आणि बिअर जितकी जास्त तितका बॉल लांब जातो.

मला मात्र हे मेडल आवडतं ते हरलेल्यालाही देतात म्हणून. १९८९ ची फायनल घ्या, हॉथॉर्न २१ गोल, जीलाँगपण २१ गोल, फरक फक्त त्या १-१ पॉइंटवाल्यांचा, हॉथॉर्न ६ ने जिंकलं. जीलाँगच्या २१ पैकी ९ गोल एकट्या गॅरी अॅब्लेटचे! मेडल त्यालाच, दुसऱ्या कोणाला देणार? पुढे २००२ मधे कॉलिंगवूडच्या नेथन बकलीला, २००५ मधे वेस्ट कोस्टच्या ख्रिस जडलाही असंच हरून मिळालं. टीमची पोरं मैदानात माना खाली घालून बसलेली आणि तुम्ही स्टेजवर जाऊन गळ्यात मेडल घालून घ्यायचं, हसायचं तरी कसं?

रिचमंडच्या डस्टिन मार्टिनला हा प्रश्नच आला नाही, २०१७, २०१९, २०२०, तिन्ही वेळा मेडलही त्याचं आणि ट्रॉफीही. तीनदा मिळवणारा तो पहिलाच. आजोबांसमोर त्याचं नाव मी काढत नाही.